मुंबई आणि होळकर : एका चुरशीचा इतिहास

औंढ्याच्या नागनाथाला जो कोणी एकदा जाऊन आला असेल, त्याला होळकर हे नाव नवे नाही. देवळाचा खालचा भाग जुना, हेमाडपंती, काळ्या दगडातल्या कोरीव कामाने भरलेला. आणि वरचे बांधकाम मागाहूनचे. या देवळाचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. त्यामुळे आपल्या हिंगोली जिल्ह्यात होळकर म्हटले, की देऊळ, घाट, बारव आणि धर्मशाळा आठवतात. क्रिकेट मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

पण वाचकहो, याच होळकरांच्या नावाचा एक क्रिकेट संघ होता. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या ११ हंगामांत तो रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात १० वेळा पोचला आणि ४ वेळा करंडक घेऊन गेला. या काळात त्याला सर्वांत जास्त नडला तो मुंबईचा संघ. आज शाळेतली पोरे मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांची चुरस तोंडपाठ सांगतात. कोणी किती वेळा कोणाला हरवले, हे त्यांना पाढ्यांपेक्षा चांगले येते. त्यांच्या पणजोबांच्या पिढीने अशीच एक चुरस पाहिली. मुंबई आणि होळकर यांची ती चुरस नुसती बॅट-बॉलची नव्हती. खेळाडूला पोसायचे कोणी, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता.

हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला समजावून सांगायला नको. पहिलवान कसा तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. अंगात रग असली तरी खुराक लागतो, आखाडा लागतो, वस्ताद लागतो, आणि वर्षातून चार-दोन चांगल्या कुस्त्या लागतात. कोल्हापूरला शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, म्हणून तिथे कुस्ती बहरली. क्रिकेटचेही तसेच आहे. एका बाजूला राजाचा खुराक आणि दुसऱ्या बाजूला शहराचा खुराक, असा हा सामना होता.

आधी इंदूरची बाजू पाहू. मल्हारराव होळकरांनी माळव्यात आपले राज्य उभे केले. अहिल्याबाईंनी महेश्वराहून कारभार केला आणि पुढे इंदूर ही राजधानी झाली. राज्य माळव्यात असले, तरी राजघराणे मराठी, दरबारातली आणि गावातली पुष्कळ मंडळी मराठी. आपल्यापासून ते फार दूरही नाही. मीटरगेजच्या काळात हिंगोलीहून अकोला, खांडवा करीत रेल्वेचा रस्ता थेट महू आणि इंदूरपर्यंत जात होता.

१९२३ साली होळकर दरबाराने नागपूरचा एक उंचापुरा जवान इंदूरला बोलावून घेतला. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू. त्याला होळकरांच्या लष्करात हुद्दा मिळाला. हुद्दा लष्करातला आणि काम मैदानातले, अशी ती व्यवस्था होती. कर्नल सी. के. नायडू म्हणून जे नाव पुढे देशभर झाले, त्यातला कर्नल हा शब्द इथून आला. १९३२ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा भारताचे कप्तान हेच नायडू होते.

नायडूंभोवती इंदूरला एकेक माणूस जमत गेला. मुश्ताक अली इंदूरचाच. त्याला पोरवयातच नायडूंनी हेरला. चंदू सरवटे सागरचे. हिरालाल गायकवाड नागपूरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. माधवसिंह जगदाळे इंदूरचे. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हे फिरकी गोलंदाज. यशवंतराव होळकर महाराजांच्या काळात या मंडळींना नोकरी, पगार आणि राहण्याची सोय मिळाली. सकाळी उठून सराव करायचा आणि सामन्यात जीव तोडून खेळायचे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. नायडूंची शिस्त तर कडक म्हणून प्रसिद्ध होती. आजच्या भाषेत ज्याला आपण व्यावसायिक संघ म्हणतो, तसा हा संघ होता. फरक इतकाच, की पैसा तिकिटांचा आणि जाहिरातींचा नसून सरकारी खजिन्याचा होता.

आता मुंबईची बाजू. मुंबईला राजा नव्हता. तिथे होती मैदाने. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि दादरचे शिवाजी पार्क. एकाच मैदानावर शेजारी शेजारी दहा सामने चालायचे. इकडच्या सामन्यातला क्षेत्ररक्षक तिकडच्या सामन्यातल्या फलंदाजाला पाठ लावून उभा, अशी दाटी. शाळांसाठी हॅरिस शील्डची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली होती. महाविद्यालयांचे सामने होते, क्लबांचे सामने होते, कचेऱ्यांचे सामने होते. १९४८ साली भर पावसाळ्यात खेळायची कांगा लीग सुरू झाली. ओल्या मैदानावर, उसळत्या आणि वळत्या चेंडूपुढे जो टिकेल, तो कोरड्या मैदानावर सहज टिकेल, असा त्यात हिशेब होता.

मुंबईच्या खेळाडूला खेळण्यासाठी पगार मिळत नसे. तो दिवसा कचेरीत किंवा बँकेत बसायचा आणि सुटीच्या दिवशी खेळायचा. पण पुढे पुढे टाटा, मफतलाल, स्टेट बँक अशा मोठ्या संस्थांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायला सुरुवात केली. कारण त्यांना कचेऱ्यांच्या टाइम्स शील्डमध्ये आपला संघ जिंकायला हवा होता. म्हणजे खुराक इथेही होता. तो एका हाताने न येता शंभर हातांनी येत होता. मुंबईचे कप्तान विजय मर्चंट हे तर गिरणीमालकांच्या घरातले. त्यांना पगाराची गरजच नव्हती. पण ते वाढले ते याच मैदानांच्या शिस्तीत.

या दोन संघांना समोरासमोर आणले ते रणजी करंडकाने. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पहिलाच करंडक मुंबईने जिंकला. त्या वेळी मुंबईत खरी गर्दी व्हायची ती पंचरंगी सामन्यांना. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर, असे धर्मावर आणि जातीवर पाडलेले ते संघ होते. १९४० साली महात्मा गांधींनी या प्रकाराबद्दल आपली नापसंती जाहीरपणे सांगितली. १९४६ साली हे सामने कायमचे बंद झाले. रणजी करंडकात विभागणी प्रांताची आणि संस्थानाची होती. त्यामुळे पंचरंगीत एकमेकांविरुद्ध उभे राहणारे नायडू आणि मुश्ताक अली होळकरांकडून एका संघात खेळत. मुंबईच्या संघातही मर्चंट, रुसी मोदी आणि के. सी. इब्राहिम एकत्र असत. देशात हिंदू-मुसलमानांचे वातावरण तापत चालले होते त्या वर्षांत, या दोन संघांच्या तंबूंत सगळ्या जमातींची माणसे एका पंगतीला बसत होती. इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे.

आता त्या प्रसिद्ध सामन्याकडे येऊ. मार्च १९४५. दुसरे महायुद्ध अजून संपले नव्हते. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. त्या वेळी अंतिम सामन्याला दिवसांची मर्यादा नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळायचे. मुंबईकडे त्या हंगामात रुसी मोदी भलत्याच भरात होते. रणजी करंडकाच्या एका हंगामात १००० धावांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले फलंदाज. त्यांनी १००८ धावा केल्या. होळकरांनी मात्र एक वेगळाच पाहुणा आणला होता. इंग्लंडचा नामवंत फलंदाज डेनिस कॉम्प्टन युद्धाच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला होता आणि इंदूरजवळ महूच्या छावणीत होता. नायडूंनी त्याला संघात घेतले.

मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या. होळकरांनी ३६० केल्या. मग मुंबईने दुसरा डाव असा मांडला, की संपतो की नाही असे वाटावे. ७६४ धावा! त्यांतल्या २७८ एकट्या मर्चंट यांच्या. होळकरांचे सी. एस. नायडू गोलंदाजी करता करता थकले असतील, पण थांबले नाहीत. दोन्ही डाव मिळून त्यांनी ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एका गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा जागतिक विक्रम ठरला. बैलाने दिवसभर मोट ओढावी तसा हा माणूस धावत येत राहिला. त्यांनी ११ बळी घेतले आणि ४२८ धावा दिल्या.

होळकरांपुढे ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला. दुसरा कोणी संघ असता, तर हात टेकले असते. पण मुश्ताक अलींनी पहिल्या डावापाठोपाठ या डावातही शतक झळकावले आणि कॉम्प्टन एका बाजूने उभा राहिला तो राहिलाच. एकेक जोडीदार परत जात होता आणि हा खेळत होता. शेवटी ४९२ धावांवर होळकरांचा डाव आटोपला, तेव्हा कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद होता. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतक्या धावा तोवर जगात कुठेच झाल्या नव्हत्या. हा विक्रम मोडला तो १९४९ साली पुण्यात, मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात. तिथे २३७६ धावा झाल्या.

या सामन्याची एक गंमत क्रिकेटच्या मंडळींत अजून सांगतात. इंदूरच्या कोणा धनिकाने म्हणे कॉम्प्टनला कबूल केले होते, की शंभराच्या वर जितक्या धावा करशील, तितक्या धावांना प्रत्येकी शंभर रुपये देईन. कॉम्प्टनने १४९ धावा वर केल्या. हिशेब जवळजवळ पंधरा हजारांचा झाला. पण शेटजींचा निरोप आला, की तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागत आहे. पैसे काही मिळाले नाहीत. गोष्टीत मीठमसाला किती, ते देव जाणे. पण लहरीवर मिळणाऱ्या आश्रयाचा भरवसा किती धरावा, हे तिच्यातून कळते.

हार झाली तरी होळकरांचा संघ खचला नाही. पुढच्याच वर्षी, १९४५-४६ साली, इंदूरला म्हैसूरविरुद्ध त्यांनी एका डावात ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या डावात ६ जणांनी शतके ठोकली. अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून त्यांनी पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या सामन्यात सी. के. नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांचे वय ५० होते! आपल्याकडे पन्नाशीला आलेला माणूस ओसरीवर बसून सुनेला चहा मागतो, तेव्हा हा गृहस्थ अंतिम सामन्यात द्विशतक काढत होता. त्याच १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात होळकरांच्या चंदू सरवट्यांनी शूटे बॅनर्जींच्या साथीने सरे संघाविरुद्ध शेवटच्या जोडीला २४९ धावांची भर घातली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतके केली.

मुंबईचे उट्टे निघाले ते १९४७-४८ साली. अंतिम सामना इंदूरला झाला आणि होळकरांनी मुंबईला ९ गडी राखून हरवले. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. इंदूरला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करावी. पण काळाची चाल पाहा. त्याच वर्षी, २८ मे १९४८ रोजी, इंदूर आणि ग्वाल्हेर धरून माळव्याच्या भागातली संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले. होळकरांचे राज्य संपले. मराठवाड्यातल्या आपल्या वाडवडिलांनीही त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, निजामाचे राज्य संपताना पाहिले. आपल्याला ती मुक्ती होती आणि तिचे मोल आपण जाणतो. प्रजेच्या हाती सत्ता येणे हे योग्यच होते. पण संस्थानांबरोबर काही चांगल्या व्यवस्थाही निराधार झाल्या. गवई, मल्ल, चित्रकार यांच्याप्रमाणे क्रिकेट खेळणाऱ्यांच्या पुढेही प्रश्न उभा राहिला. आता खुराक कोण देणार?

नवल असे, की राज्य गेल्यावरही होळकरांचा संघ सात वर्षे होळकर याच नावाने खेळत राहिला. १९५०-५१ साली त्यांनी गुजरातला हरवून करंडक घेतला, १९५२-५३ साली बंगालला मागे टाकून घेतला. झाड तोडल्यावरही त्याच्या ओल्या फांदीला काही दिवस पालवी फुटते, तसे हे होते. पण मुंबईशी गाठ पडली, की आता पारडे झुकू लागले होते. १९५१-५२ सालच्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांचा ५३१ धावांनी पराभव केला. या सामन्यात ५६ वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर दत्तू फडकरांचा उसळता चेंडू बसला आणि त्यांचे दोन दात पडले, असे सांगतात. नायडूंनी दात बाजूला सारले आणि डाव पुढे चालू ठेवला. फडकरांनी वेग कमी केला, तर तेच त्यांच्यावर रागावले.

१९५३-५४ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा इंदूर. या खेपेला मुंबई ८ गडी राखून जिंकली. १९५४-५५ साली होळकर अंतिम सामन्यात मद्रासकडून हरले आणि त्यानंतर होळकर हे नाव रणजी करंडकाच्या यादीतून गेले. संघ आधी मध्य भारत झाला आणि मग मध्य प्रदेश. अंतिम सामन्यांत मुंबई आणि होळकर चार वेळा भेटले. मुंबईने ३ जिंकले, होळकरांनी १. हिशेब इथे बंद झाला, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

या चुरशीत वैर होते का? मुळीच नाही. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाची गोलंदाजी झोडपून काढली होती. दोन तासांच्या आत १५३ धावा आणि त्यात ११ षटकार. तेव्हापासून मुंबईकर प्रेक्षक नायडूंवर जीव टाकत. मर्चंट आणि मुश्ताक यांची गोष्ट तर आणखी गोड आहे. १९३६ साली मँचेस्टरच्या कसोटीत हे दोघे भारताच्या डावाला सुरुवात करायला गेले आणि पहिल्या जोडीला त्यांनी २०३ धावा काढल्या. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय मुश्ताक अलीच. मर्चंट यांचा खेळ म्हणजे तोलूनमापून, सावकाराच्या वहीसारखा चोख. मुश्ताक यांचा खेळ म्हणजे जत्रेतल्या आतषबाजीसारखा. रणजीत एकमेकांचे प्रतिस्पर्धी आणि देशासाठी एकमेकांचे जोडीदार. पुढे मर्चंट विविध भारतीवरून क्रिकेटबद्दल बोलत, तेव्हा रविवारी दुपारी घरोघर लोक रेडिओ लावून बसत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. होळकरांचा संघ का विरला आणि मुंबई का टिकली? होळकरांकडे माणसे कमी गुणी नव्हती. उलट नायडू, मुश्ताक, सरवटे, निंबाळकर यांच्या तोडीची माणसे एकाच वेळी कुठल्याही संघात क्वचितच सापडतील. पण त्यांतली निम्मी बाहेरून आणलेली होती आणि त्यांच्या पाठीमागे शाळा-शाळांतून येणारी दुसरी फळी तितकी भक्कम नव्हती. विहीर खोल होती, पण झरे बेताचे होते. नायडू गेले, मुश्ताक थकले आणि पाणी आटले. मुंबईत मर्चंट निवृत्त झाले तरी हॅरिस शील्ड चालूच होती. मोदी गेले तरी कांगा लीग चालूच होती. म्हणून १९५८-५९ ते १९७२-७३ अशी लागोपाठ १५ वर्षे मुंबईने करंडक दुसऱ्या कोणाला शिवू दिला नाही. मार्च २०२४ मध्ये तिने ४२ व्यांदा तो जिंकला.

पण इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मुंबईच्या त्या वैभवात बाहेरगावची माणसेही होती. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, दत्तू फडकर कोल्हापुरात. ज्याला मुंबईत येऊन राहता आले, त्याला मैदान मिळाले. ज्याला येता आले नाही, त्याचा गुण गावच्या शिवारातच राहिला. राजाचा खुराक राजधानीपुरता होता आणि शहराचा खुराक शहरापुरता. खेड्याच्या वाट्याला दोन्हींतला थोडाच आला.

हे चित्र बदलते का, याचे उत्तर २०२२ सालच्या जून महिन्यात मिळाले. बंगळूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, म्हणजे जुन्या होळकर संघाचा वारसदार. मुंबईने पहिल्या डावात ३७४ धावा केल्या. मध्य प्रदेशने ५३६ केल्या आणि अखेर ६ गडी राखून सामना जिंकला. मध्य प्रदेश या नावाने त्यांचा हा पहिलाच करंडक. त्यांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईच्या मैदानांत तयार झालेले यष्टिरक्षक. १९९८-९९ साली याच पंडितांनी मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून याच मैदानावर अंतिम सामना गमावला होता. या खेपेला कुठल्या महाराजांचा खजिना मागे नव्हता. वर्षानुवर्षे मुलांना निवडून, एकत्र ठेवून, सराव देऊन तयार केलेला तो संघ होता. मुंबईची विद्या इंदूरने घेतली आणि मुंबईवरच चालवली!

आणखी जवळचे उदाहरण घ्या. आपल्या पैनगंगेच्या पलीकडे विदर्भ आहे. विदर्भाचा संघ अनेक वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. त्यांनी नागपुरात प्रशिक्षणाची नीट व्यवस्था लावली आणि २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा करंडक जिंकला. त्यातला पहिला त्यांनी जिंकला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.

आणि आपला मराठवाडा? जालन्याचा विजय झोल २०११ साली एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात नाबाद ४५१ धावा करून गेला आणि पुढे भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाचा कप्तान झाला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ सालच्या विश्वविजेत्या युवा संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ साली युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून भारताला अंतिम सामन्यात नेले. हे तिघेही आपल्यासारख्याच गावांतले. तेव्हा गुण मुंबईतच पिकतो, असे कोणी म्हणू नये.

वाचकहो, ज्या दोन संघांची ही कथा, त्यांची नावे आज स्पर्धांना दिलेली आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांची विजय मर्चंट करंडक स्पर्धा, तेवीस वर्षांखालची कर्नल सी. के. नायडू करंडक स्पर्धा, आणि वीस षटकांची सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धा. हिंगोलीचा मुलगा महाराष्ट्राच्या संघात निवडला गेला, तर याच पायऱ्यांनी वर चढणार आहे.

पहिल्या पायरीपर्यंत त्याला कोण पोचवणार? माझ्या मते ते काम गावच्या शाळेचे आहे. त्याला राजवाड्याची गरज नाही आणि ब्रेबोर्नसारख्या स्टेडियमचीही नाही. गुरुजी, मुंबईचे गुपित एवढेच होते, की तिथे मुलांना दर आठवड्याला खरा सामना खेळायला मिळे आणि त्याची नोंद राही. कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा आणि हिंगोली या आपल्या पाच तालुक्यांतल्या शाळांनी पोळ्यानंतर दर शनिवारी एकमेकांशी सामने ठेवले, खऱ्या चेंडूने खेळवले, मुलींचाही संघ काढला, तर दहा वर्षांत काय होईल ते पाहावे. एका गावात जत्रेपुरती बक्षिसाची स्पर्धा भरवणे वेगळे आणि वर्षभर सामने चालवणे वेगळे. पहिल्यात होळकरांच्या दरबाराचा थाट आहे, दुसऱ्यात मुंबईच्या मैदानाचा चिवटपणा.

आणि सामना झाला, की धावा आणि बळी लिहून ठेवायला एक वही करावी. सी. एस. नायडूंनी टाकलेले ९१७ चेंडू आज आपल्याला ठाऊक आहेत, ते कोणीतरी एका कोपऱ्यात बसून प्रत्येक चेंडूची नोंद केली म्हणूनच. आपल्या शाळेतल्या कुठल्या पोराने गेल्या शनिवारी किती धावा काढल्या, हे निवड करणाऱ्यांना दाखवायचे, तर वहीच दाखवावी लागेल. ती वही करायला फार खर्च येत नाही.